सायबाच्या चर्चचा जांभा

आमच्या बचत गटांची सहल गोव्याला निघाली की जुन्या गोव्याचं बॉम जीझस चर्च ठरलेलंच. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनजवळच्या एका बेटावर वारले, शव १५५४ मध्ये गोव्यात आणलं. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली उतरवतात. अलीकडे २०२४ च्या नोव्हेंबरात उतरवलं होतं. संगमरवरी चौथरा इटलीहून आला, पण वरची चांदीची पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. आम्ही बायका पेटीपाशीच रेंगाळतो. हिंदूही त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. याच झेवियरांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं होतं, हेही सांगायला हवं. मुंबईचं १८६९ चं झेवियर्स कॉलेज त्यांच्याच नावाचं.

आमचं लक्ष मात्र भिंतींकडे जातं. आपल्यासारखाच जांभा! १९५० नंतर बाहेरचा गिलावा काढला, तेव्हापासून चिरा उघडा. झडीच्या पावसात उघड्या चिऱ्याचं काय होतं, हे रत्नागिरीकरणीला कुणी सांगायला नको. गिलावा परत करा, अशी मागणी आहे. लोकांना मात्र लाल रूपच ओळखीचं. आम्हाला विचाराल तर गिलावा करावा. लाल भिंतींचे फोटो घरोघरी आहेतच.