पोत्यांची टॅली, मतांची टॅली



गोदीत माल उतरला की टॅलीवाला एकेक पोतं मोजतो. एक कमी भरलं तर अख्ख्या टोळीला उभं करतात. मी मॅट्रिक झालो शाळेत, पण मोजणी शिकलो ती तिथं. आज मतांच्या टॅलीबद्दल बोलायचंय.

१९७९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत रॉबर्ट बेन मॅडिसन या १४ वर्षांच्या पोरानं आपली झोपायची खोलीच स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केली. नाव तलोसा. राजा स्वतःच! हसा, खुशाल हसा. जगातल्या कुठल्या सरकारनं ते मानलं नाही. पण त्यांचं खालचं सभागृह बघा, कोसा. जागा २००. तेवढी माणसं बसवायला नसतात, म्हणून एकेकाच्या हाती कितीतरी जागा. मत पक्षाला, आणि मतांच्या प्रमाणात जागा. शंभरात सात मतं पडली तर १४ जागा.

आता ह्याच काट्यावर आपली निवडणूक तोलू. २०१४ ची लोकसभा. बसपाला ४.२ टक्के मतं, सव्वादोन कोटींच्या वर. मतांत देशात तिसरा नंबर. जागा? शून्य. (बसपा आपली का परकी, ते भांडण नंतर.) ३१ टक्केवाल्या भाजपला ५४३ पैकी २८२. पेटी पळवायची गरजच नाही. मतदारसंघात पहिला आला त्याचं सगळं, बाकीच्यांचं पाण्यात. कोसात ४.२ टक्क्यांना आठ जागा पडल्या असत्या.

सव्वादोन कोटी पोती कमी भरली, आणि टॅलीवाला सही करून केव्हाच घरी गेला.