काठावरचे परके अणू

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. तरी आज विज्ञानातल्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. कारण तिच्यात 'अशुद्धी' हा शब्द येतो, आणि भाषेत वावरणाऱ्याची त्या शब्दाशी रोजच गाठ पडते.

टोपोलॉजिकल इन्सुलेटर नावाचे पदार्थ आहेत. त्यांच्या पोटातून वीज वाहत नाही, काठावरून मात्र वाहते. आमच्या आटपाडीकडे लोकर कातताना सुताला पीळ देतात. या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या रचनेलाही तसा एक पीळ असतो. बाहेर तो नसतो. मग पदार्थ जिथे संपतो तिथे पीळ उलगडावाच लागतो, आणि त्यातून काठावर वाट तयार होते. काठ वेडावाकडा कापला तरी वाट राहतेच. 2005 मध्ये केन आणि मेले यांनी हा विचार मांडला. 2006 मध्ये बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी त्यासाठी पारा आणि टेल्युरियमचं संयुग सुचवलं. 2007 मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गला मोलेनकँप यांच्या गटाला ते प्रयोगात दिसलं.

या वाटेचा नियम मोठा कडक आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ जणू एक इवलीशी चुंबकसुई असते. एका काठावर सुई वर असलेले उजवीकडे जातात, खाली असलेले डावीकडे. मागे फिरायचं तर आधी सुई उलटी व्हायला हवी. वाटेत एखादा परका, पण चुंबकत्व नसलेला अणू आला, तर तो सुई उलटवू शकत नाही. इलेक्ट्रॉन पुढे निघून जातो. मँगनीजसारखा चुंबकी अणू मात्र सुई उलटवतो आणि इलेक्ट्रॉनला परत पाठवू शकतो. वुर्झबर्गला सुमारे एक मायक्रोमीटरच्या तुकड्यांत हिशेब जुळला, लांब तुकड्यांत वीज कमी पडली. त्यामागे ज्या कारणांचा संशय घेतला जातो, त्यांत चुंबकी अणूही आहेत.

इथवर अशुद्धी म्हणजे उपद्रवच. पण काठावर असे दोन अणू असले तर? ते एकमेकांना शिवत नाहीत. तरी पहिल्याजवळून गेलेला इलेक्ट्रॉन त्याची खूण घेऊन दुसऱ्यापर्यंत पोचतो. इलेक्ट्रॉनांमार्फत असा निरोप जातो, हे 1954 मध्ये रुडरमन आणि किटेल यांनी अणुकेंद्रांच्या बाबतीत दाखवलं. पुढे कासुया आणि योसिदा यांनी तो विचार चुंबकी अणूंपर्यंत नेला. आपल्या काठावर जाणाऱ्याची सुई वेगळी, येणाऱ्याची वेगळी. त्यामुळे निरोपालाही पीळ पडतो. दोन अणूंच्या सुया एकमेकींशी किती कोन करतील, हे त्यांच्यातल्या अंतरावर ठरू लागतं. अंतर वाढलं की निरोप क्षीण होतो. म्हणजे अणू एकटा तपासून त्याचं वागणं पुरतं कळत नाही, शेजारी कोण आहे हेही पाहावं लागतं.

2013 मध्ये चीनमध्ये शुए चीखुन यांच्या गटाने अशाच पदार्थाच्या पातळ थरात मुद्दाम क्रोमियम मिसळलं. तिथे चुंबकी अणू केवळ काठावर नव्हते, साऱ्या थरात विखुरलेले होते. अतिशय थंडीत त्यांच्या सुया एका दिशेला जुळल्या. दुहेरी वाट एकेरी झाली, तीही बाहेरून चुंबक न लावता. परतायला उलटी वाटच उरली नाही, म्हणून कुणाला परतवताही येईना. सुटा अणू वाट अडवत होता. तेच अणू जुळल्यावर वाट अधिक पक्की झाली.

पदार्थाचे नियम माणसांना लावू नयेत, हे मला कळतं. पण माझ्या मराठीत फारसी-अरबी शब्द जास्त आहेत, ती भेसळीची आहे, असं मी अनेकदा ऐकलं आहे. लुगड्याची असते ती 'किनार' फारसीतूनच आली. आल्यावर ती लुगड्याशी, नदीशी, चंदेरी ढगाशी बोलू लागली, आणि आज तिला परकी म्हणणारा कुणी भेटत नाही. म्हणून एखादा शब्द अशुद्ध आहे असं कुणी सांगितलं, की तो कुठून आला हे मी विचारत नाही. शेजारच्या शब्दाशी त्याचं जुळतं का, तेवढं पाहतो.