मालकीण व्हायला शिकलेली बाई



'गुलामगिरी' म्हटलं की आपल्याला जोतीराव फुल्यांचं १८७३ सालचं पुस्तक आठवतं. अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं. आजची गोष्ट त्या अमेरिकेतलीच, पण एका मालकिणीची.

फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म मेरिलँड राज्यात, गुलामीत झाला. साधारण आठ वर्षांचे असताना त्यांना बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्डच्या घरी पाठवलं. काम काय, तर त्याच्या लहान मुलाला, टॉमीला सांभाळायचं. ह्यूची बायको सोफिया. लग्नाआधी ही बाई कापड विणून स्वतःच्या कष्टावर जगलेली. तिच्या हाताखाली गुलाम कधी नव्हताच, त्यामुळे गुलामाशी 'कसं वागायचं असतं' हे तिला ठाऊक नव्हतं! पोरगा अंग चोरून, खालमानेनं उभा राहिला तर तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं. तिनं त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. तो तीन-चार अक्षरांचे शब्द लावू लागला.

नवऱ्याला कळलं आणि त्यानं ते तिथंच बंद पाडलं. गुलामाला शिकवणं बेकायदा आहे, धोक्याचं आहे, वाचायला लागला की तो गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असं त्यानं बायकोला बजावलं. तेही मुलासमोर! मुलानं त्यातून नेमकं उलटं घेतलं. मालकाला ज्याची एवढी भीती, तेच आपल्याला मिळवायचं.

आता बाईकडे बघा. तिनं नवऱ्याचं ऐकलं, इथवर समजू शकतं. पण पुढे ती नवऱ्याहूनही कडक झाली. मुलाच्या हातात वर्तमानपत्र दिसलं की तिचा संताप व्हायचा, धावत येऊन ती ते हिसकावून घ्यायची. तो दुसऱ्या खोलीत जरा जास्त वेळ राहिला की पुस्तक घेऊन बसल्याचा संशय, आणि लगेच जाब.

असं का झालं असेल? १८४५ साली छापलेल्या आत्मकथेत डग्लस तिला मुळातच दुष्ट ठरवत नाहीत. गुलामगिरीनं माझं केलं तसंच तिचंही नुकसान केलं, असं ते म्हणतात. (हा त्यांचा मोठेपणा. तिला बाजारात कोणी विकणार नव्हतं.) मला वाटतं, वाचणारा मुलगा तिला रोज आठवण करून देत होता की हा शिकू शकतो, आणि सुरुवात तूच करून दिलीस. ह्यूच्या मनात असली आठवण नव्हती, त्याला चिडायची तेवढी गरजही नव्हती. तिला मात्र मालकीण राहायचं तर आधी स्वतःचंच जुनं वागणं खोटं पाडावं लागत होतं.

मुलगा काही थांबला नाही. घरात पाव हवा तेवढा मिळायचा. तो खिशात घालून गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. सोमवारी दुपारी सोफिया प्रार्थनासभेला जायची, घर राखायला हा एकटा. टॉमी तोवर शाळेत जायला लागला होता. त्याच्या भरलेल्या वह्या हा काढायचा आणि ओळींमधल्या मोकळ्या जागेत टॉमीनं लिहिलेलं गिरवायचा. बाई परत येईपर्यंत.