राक्षस घरीच करावा

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नागपूरहून काशीला आलो. आमच्या कारखान्याला २०२० पर्यंत सगळे डीरेका म्हणत, आता बरेका म्हणतात. डिझेलच्या जागी विजेची इंजिने आली. इंजिनियर मात्र तोच राहिला, केस तेवढे कमी झाले.

आपला दशाश्वमेध घाट पेशव्यांनी बांधला, अहिल्याबाईंनी तो पुढे पुन्हा बांधला, हे आपण दरवर्षी ऐकतो आणि अभिमानाने ऐकतो. मी आज त्याच घाटावरच्या गाळाबद्दल बोलणार आहे, आणि त्या गाळातून आपल्या मुलांनी केलेल्या राक्षसाबद्दल.

पण आधी नागपूरचे सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असे सांगतात. बांबू आणि कागदाच्या त्या प्रचंड बायका, आणि त्यांच्याबरोबर बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना जे छळते त्याचा पुतळा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी रोगराई. "घेऊन जा गे मारबत!" असे ओरडत मिरवणूक निघते आणि शेवटी सगळे जाळतात. मोठ्यांचे पाहून गल्लीगल्लीतली पोरेही आपापले छोटे बडगे करतात.

मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी आमच्या गल्लीसाठी दारूचा बडग्या केला. हातात बाटली, लाल डोळे. पाटी माझ्या अक्षरात होती. वडील स्वतः घेत असत, हे गल्लीला ठाऊक होते. बडग्या जळल्यावर त्यांनी दारू सोडली असे सांगितले तर गोष्ट गोड होईल, पण तसे झाले नाही. सुटायला पुढे सात वर्षे लागली. मात्र त्या दिवसापासून घरात तो शब्द उच्चारता येऊ लागला. आई बोलू लागली, मीही बोलू लागलो. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला डोळे-नाक काढले की तिच्याशी बोलता येते, एवढे मी तेव्हा शिकलो.

आता आपल्याकडे येऊ. २०२२ चा उत्सव आठवा. ३१ ऑगस्टला चतुर्थी होती आणि त्याच आठवड्यात गंगेने ७१.२६२ मीटरची धोक्याची पातळी ओलांडली होती. आरती घाटावरून गच्चीवर गेली, सखल वस्त्यांत नावा फिरू लागल्या. आपले सजावटीचे सामान तळमजल्यावरच्या खोलीत होते, ते सगळे भिजले. मखर गेले, पडदे गेले. पण माझ्या मनात राहिला तो आपल्यातलाच एक सहा वर्षांचा मुलगा. रात्री पायऱ्यांवर पाणी चढताना त्याने पाहिले होते. पूर उतरला तरी तो घाटावर यायला तयार होईना. नाव सांगत नाही, कारण तो इथेच पहिल्या रांगेत बसला आहे.

२०२३ च्या उत्सवासाठी मुलांनी मागणी केली, "काका, अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला अंगणात भुते लावतात, तशी आपण लावू या." माझी बहीण तिकडे असते, तिने पाठवलेले फोटो मुलांनी पाहिले होते. सांगाडे, कोळी, कोरलेले भोपळे. बहीण म्हणाली, बरेचसे प्लास्टिकचे, दुकानातले. मी मुलांना म्हटले, दुकानातला राक्षस दुसऱ्याचा असतो. आपला आपण करू. सांगा, तुम्हाला कशाची भीती वाटते? उत्तर एका सुरात आले : पुराची.

ठरले, पुराचा राक्षस. निळा रंगसुद्धा आणला. तेवढ्यात वाड्यातल्या काकूंनी मला गाठले. "अहो इंजिनियर, गंगामाईला राक्षस करताय? सकाळी तिचंच पाणी डोक्यावर घेता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवस काम थांबले. शेवटी काकूंनीच वाट दाखवली. म्हणाल्या, "पाणी आई आहे. पण ते गेल्यावर पायऱ्यांवर जे उरतं, ते आपलंही आहे." खरेच आहे. दरवर्षी पूर ओसरला की घाटावर गाळाचे थर बसतात, पंप लावून धुवावे लागतात. गाळ नदीचा, पण त्यात रुतलेल्या बाटल्या आणि पिशव्या आपल्या. राक्षसाचे नाव पडले गाळासुर.

आता कृती सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी मी नसलो तरी अडणार नाही.

बांबूच्या कामट्या रात्रभर पाण्यात भिजवाव्या, म्हणजे मोडत नाहीत, वाकतात. पोटासाठी तीन कडी, मधले मोठे. सांधे सुतळीने बांधाल तर कामटी वाळल्यावर सैल पडतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरा, त्या ताण धरून ठेवतात. उंची सात फूट असेल तर बैठक निदान चार फुटांची हवी, आणि खाली विटा. इंजिन असो की असुर, वजन खालीच पाहिजे.

वर जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या, मैद्याच्या खळीने. एक थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. भाद्रपदातल्या दमट हवेत प्रत्येक थराला दोन दिवस लागतात, घाई करू नये. आमच्या रद्दीत 'आज'चे अंक पुष्कळ होते. बाबूराव विष्णु पराडकरांसारख्या काशीच्या मराठी माणसाने घडवलेले ते पत्र, राक्षसाच्या पोटातही उपयोगी पडले! खळ मात्र झाकून ठेवा. एका रात्री बाप्पाच्या वाहनाने गाळासुराचा डावा कान खाल्ला.

त्यावर घाटाचा गाळ, चाळून, भुसा आणि डिंक मिसळून. आमचा पहिला हात वाळल्यावर सगळीकडे तडकला. मी वैतागलो, पण मुले म्हणाली, "काका, असाच राहू द्या, भयानक दिसतोय." राहू दिला. डोळे म्हणजे लस्सीचे दोन कुल्हड, आत छोटे एलईडी दिवे. कागदाच्या पुतळ्यात पणती कधीही ठेवू नये. दात पांढऱ्या बाटल्या कापून केले, कापण्याचे काम मोठ्यांनी केले. जबडा हलावा म्हणून सायकलच्या ब्रेकची तार लावली. जबडा जड झाला, उघडला की मिटेना. मग डोक्याच्या मागच्या बाजूला अर्धी वीट बांधली, तराजूसारखी, आणि काम झाले.

गाळ आणायला घाटावर जावे लागे. तो लहानगा पहिल्या दिवशी वरच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी चार पायऱ्या खाली आला. तिसऱ्या दिवशी बादली माझ्या हातातून ओढून घेऊन म्हणाला, "मी भरतो, तुम्ही कमी भरता." गाळासुराचा उजवा डोळा त्याने बसवला. पाण्याची भीती सगळी गेली असे मी म्हणणार नाही. परवाच्या पावसात त्याने मला विचारलेच, "काका, पाणी किती वर आलं?" पण विचारले ते घाटावर उभे राहून, पाण्याकडे पाहत.

उत्सव संपल्यावर प्रश्न पडला, गाळासुराचे करायचे काय? नागपूरची रीत जाळण्याची. पण प्लास्टिक जाळायचे नाही आणि गंगेत काही टाकायचे नाही, यावर सगळे ठाम होते. मुलांनी तो हातोडीने फोडला. बाटल्या भंगारवाल्याकडे गेल्या, कामट्या माळ्यावर ठेवल्या, आणि गाळ काकूंनी तुळशीच्या कुंड्यांसाठी मागून घेतला. तुळस उत्तम आली आहे, कोणीही जाऊन पाहावी.

पालकांना एवढीच विनंती आहे. आपल्या मुलाला कशाची भीती वाटते, हे एकदा शांतपणे विचारा. मग थोड्या कामट्या आणा आणि त्याच्याशेजारी खाली बसा. सामान कमी पडले तर मला बोलवा, सुटीच्या दिवशी मी मोकळाच असतो.



गणपती बाप्पा मोरया!