लिलावातील जमीन स्वस्त, ती कोणाच्या जिवावर?

सोयाबीन आणि हळदीवर जगणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात जप्तीची वा मयताच्या नावावरची जमीन स्वस्तात पदरात पडते, अशी पैसेवाल्यांची समजूत आहे. ही स्वस्ताई येते कोठून? पतपुरवठा करणारी संस्था ती देत नाही. बोली जितकी खाली, तितके कर्ज कर्जदाराच्या डोक्यावर उरते. बोली चढली असती तर कर्ज फिटून उरणारी रक्कम त्याचीच होती. सवलतीचा रुपया त्याच घरातून निघतो.

२००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. सहकारी वसुलीला मात्र ती मोकळी. १९६१ च्या सहकारी नियमांतील १०७ वा नियम म्हणतो, लिलावापासून ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के भरा, विक्री रद्द करून घ्या. ज्याच्यापाशी हप्त्याला पैसा नव्हता, त्याने तो महिन्याभरात आणावा कोठून? सावकाराकडूनच!

मयताच्या जमिनीचे दुखणे निराळे. हिंदू वारसा कायद्याने १९५६ साली विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क दिला. प्रत्यक्षात माहेर तुटू नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर अंगठा उठवते आणि त्यालाच खरेदीदार निर्वेध मालकी म्हणतो. वसमत-सेनगावकडच्या विधवेला निदान एवढे कळायला हवे की, ती स्वतः जामीन नसेल तर नवऱ्याचे कर्ज वारशाने आलेल्या मिळकतीपुरतेच तिच्यावर येते. आणि अवैध सावकाराने बळकावलेली जमीन २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते.