जुनी मोटार आणि तेलाचा हिशेब



इतिहास, साहित्य, आरोग्य अशा विषयांवरील व्याख्यानांच्या पंक्तीस आज एका जुन्या मोटारीच्या इंजिनाने बसावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. परंतु ज्या शहराच्या वाळूज वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, ज्याच्या शेंद्रा वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या मोटारींची जुळवणी होऊ लागली, आणि ज्यातील असंख्य कुटुंबांची चूल यंत्रांचे सुटे भाग घडविण्याच्या मजुरीवर पेटते, त्या शहराच्या छावणीत यंत्राचा विचार परका मानण्याचे कारण नाही. शिवाय या विषयास माणसाच्या संसाराची बाजू आहे. एखादा शिक्षक, कारकून किंवा निवृत्त जवान वर्षानुवर्षांच्या शिलकेतून दहा-बारा वर्षे वापरलेली मोटार खरेदी करतो. थोड्याच दिवसांत तिचे तेल कमी होऊ लागते. गॅरेजमध्ये ‘गाडी ऑईल खाते, इंजिन बांधावे लागेल’ असा निर्वाळा मिळतो. आणि त्या एका वाक्यावर त्या गृहस्थाची उरलीसुरली बचत खर्ची पडते. ते वाक्य कित्येकदा खरे असते. परंतु ते खरे आहे किंवा नाही हे पडताळून पाहण्याची एक सरळ, क्रमवार आणि बहुतांशी अल्पखर्चाची रीत उपलब्ध असताना ती न अवलंबता इंजिन उघडले जावे, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. मोजमापावाचून निदान करू नये आणि स्वस्त कारणे निकालात काढल्यावाचून महाग कारणास हात घालू नये, एवढाच आजच्या विवेचनाचा मथितार्थ आहे.

निरोगी इंजिनही थोडे तेल जाळतेच, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा अतिसूक्ष्म थर राहिला नाही, तर धातूवर धातू घासून दोहोंचा नाश होईल. म्हणून तो थर राखावयाचा आणि अधिकचे तेल खरडून खाली तेलाच्या चेंबरमध्ये परत पाठवावयाचे, हे दुहेरी काम पिस्टनवरील रिंगांकडे असते. सामान्यतः अशा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात आणि सर्वांत खालची तेल खरडते. या व्यवस्थेत किंचित तेल वर राहणे अपरिहार्य असल्यामुळे कित्येक उत्पादकांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर, आणि काहींत एक लिटरपर्यंतचा खप मर्यादेत धरलेला आढळतो. ही मर्यादा फारच सैल आहे, हे कबूल. सुस्थितीतील लहान मोटारीस दोन तेलबदलांच्या दरम्यान बहुधा भर घालावीच लागत नाही. तथापि ‘तेल कमी झाले’ आणि ‘इंजिन बिघडले’ या दोन विधानांत पुष्कळ अंतर आहे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

ते अंतर मोजूनच कापता येते. मोटार सपाट जागी उभी करावी. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल चेंबरमध्ये उतरते. मग डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून, बाहेर काढून पाहावी. तेल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा, आणि हजार किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, त्याच रीतीने तपासून, पूर्वीची खूण गाठण्यास किती मिलिलिटर तेल लागले ते मापाच्या भांड्याने नोंदवावे. मधल्या काळात दर दोनशे-तीनशे किलोमीटरला डिपस्टिक पाहावी, खालच्या खुणेच्या खाली पातळी कधीही जाऊ देऊ नये, आणि मध्येच भर घातली तर तीही त्याच वहीत मांडावी. पातळी जशीच्या तशी राहिली म्हणून निश्चिंत होणेही कधीकधी चुकीचे ठरते; कारण फार छोट्या फेऱ्या करणाऱ्या पेट्रोल मोटारीत, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा निकषांच्या डिझेल मोटारींत धूरगाळणीची स्वच्छता चालू असताना, न जळलेले इंधन तेलात उतरते आणि घटलेल्या तेलाची जागा भरून काढते. डिपस्टिकला इंधनाचा वास येत असेल, तर पातळीवर विसंबू नये.

खप मर्यादेबाहेर आहे असे सिद्ध झाल्यावर तेलाच्या वाटा शोधावयाच्या. त्या मुख्यतः तीन: ते बाहेर गळते, इंजिनात जळते, किंवा रेडिएटरच्या पाण्यात मिसळते. तिसऱ्या प्रकारात रेडिएटरच्या पाण्यावर तवंग किंवा दुधाळ चिकटा दिसतो आणि तो लवकर ओळखू येतो. गळतीचे मात्र तसे नाही. घरासमोरची फरशी कोरडी आहे एवढ्यावरून गळती नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. कित्येक गळत्या इंजिन चालू असताना, तेल दाबाखाली असतानाच होतात, आणि वाऱ्याच्या झोताने ते तेल मागे पसरून वाटेतच सांडते. म्हणून इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन घ्यावे, शंभरेक किलोमीटर मोटार चालवावी, आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग, क्रँकचे ऑईल सील, फिल्टरची बैठक, चेंबरचा बोल्ट ही स्थळे प्रकाशात निरखावी. आपल्या मराठवाड्यातील धूळ येथे उपयोगी पडते. ओल्या तेलावर ती तत्काळ बसते आणि गळतीचा माग दाखविते.

बाहेर काही सापडले नाही तर तेल जळत आहे, असे मानून धुराकडे वळावे. काळा धूर अधिक इंधनाचा, गोडसर वासाचा व लवकर न विरणारा पांढरा धूर बहुधा शीतक पाण्याचा, आणि निळसर धूर तेलाचा. परंतु धुराच्या रंगाहून त्याची वेळ अधिक बोलकी असते. रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी चालू करताच निळा झोत निघून थोड्या वेळात थांबला, तर व्हॉल्व्ह सीलमधून रात्री तेल आत उतरले असावे. याचीच दुसरी परीक्षा घाटात होते. खुलताबादहून दौलताबादकडे उतरताना, किंवा कन्नडच्या पुढे चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना, पेट्रोलची मोटार गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, म्हणजे इनलेटमध्ये तीव्र ओढ निर्माण होते आणि झिजलेल्या सीलमधून व्हॉल्व्हच्या दांड्याच्या कडेने तेल आत खेचले जाते. उतार संपून पाय दाबताक्षणी मागे निळा लोट उठला, तर संशय बव्हंशी सीलकडे जातो. उलट चढावर, भाराखाली, सतत निळा धूर निघत राहिला, तर रिंगांचा विचार करावा लागतो. टर्बो असलेल्या मोटारीत टर्बोच्या सीलची शक्यता त्यात मिळवावी; इंटरकूलरची नळी सोडून आत तेल साचले आहे काय, ते पाहिले की उलगडा होतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या मोटारीत पुष्कळसे तेल धूर न दिसताच जळून जाऊ शकते, म्हणून धूर नाही हा तेल जळत नसल्याचा पुरावा नव्हे. तसेच पीयूसीचा दाखलाही या कामी साक्षीला चालत नाही. पेट्रोल मोटारीत तो कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहतो आणि डिझेलमध्ये धुराची दाटी. तेलाच्या खपाची नोंद त्यात कोठेच होत नाही.

इंजिन उघडण्यापूर्वीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी क्रँककेसच्या श्वासमार्गाची. रिंगांच्या कडेने खाली उतरणारे वायू पीसीव्ही नामक झडपेतून पुन्हा इनलेटमध्ये नेले जातात. ती झडप कचऱ्याने अडकली किंवा तिचा पडदा फाटला, तर वायूंबरोबर तेलही ओढले जाते आणि धडधाकट इंजिन तेल खाऊ लागते. इंजिन मंद चालू असताना तेलाचे झाकण उघडून पाहावे. तेथून जोराने धूर-वाफेचे धक्के येत असतील, तर त्यास आपल्याकडील मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात आणि सहसा इंजिन संपल्याचा निकाल देतात. परंतु अडकलेली झडपही तोच देखावा निर्माण करते, म्हणून आधी झडप व तिच्या नळ्या साफ करून किंवा बदलून पुन्हा पाहणे हेच न्याय्य होय.

यानंतर स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडावेत. एकच प्लग तेलकट काळा असेल, तर दोष त्या एका सिलिंडरचा. मग दाबाची परीक्षा: सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. पेट्रोल इंजिनात तो बहुधा १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान असतो, तथापि त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. जेथे दाब कमी आढळेल तेथे प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेले आहेत, आणि चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. परंतु दाब उत्तम निघाला म्हणजे रिंगा निर्दोष ठरल्या असे समजू नये. वरच्या दोन रिंगा दाब धरीत असताना खालची तेलाची रिंग कार्बनच्या चिकट्याने आपल्या खाचेत जखडून बसलेली असू शकते, आणि अशा इंजिनात ओढ शाबूत राहूनही तेल झपाट्याने जाते. तेलबदल लांबविणे हे या व्याधीचे प्रमुख मूळ. फाटक्या एअर फिल्टरमधून शिरणारी धूळ मात्र रिंगा आणि बोअर यांस प्रत्यक्ष घासून खाते, आणि कोरड्या, धुळीच्या प्रदेशातील मोटारवाल्यांनी त्या कागदी गाळणीची जितकी चिंता वाहावी तितकी थोडीच.

हा दोष प्रत्येक वेळी मालकाच्या हलगर्जीपणातूनच येतो असे नाही. अमेरिकेत टोयोटाच्या २००७ ते २००९ च्या कॅमरी मोटारींतील २.४ लिटरच्या इंजिनाबद्दल तेलखपाच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१५ च्या सुमारास कंपनीने पिस्टन आणि रिंगा बदलून देण्याच्या हमीची मुदतवाढ जाहीर केली; २.४ लिटरची कॅमरी आपल्या देशातही विकली गेली होती. त्या दुरुस्तीस पात्र ठरण्याची अट मनन करण्यासारखी आहे: प्रथम तेल भरून नोंद करावयाची, मग मोटार १,२०० मैल, म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटर चालवावयाची, आणि त्यात एक क्वार्ट, म्हणजे सुमारे ९५० मिलिलिटरहून अधिक तेल गेले तरच इंजिन उघडावयाचे. ऑडीच्या २००९ ते २०११ च्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनांविषयीही अमेरिकेत सामूहिक दावा होऊन तडजोड झाली. तेल निचरा करणारी बारीक छिद्रे आणि पातळ रिंगा असलेले पिस्टन हे त्या इंजिनकुळाच्या तेलखपाचे कारण म्हणून ओळखले गेले. ज्या कंपनीपाशी इंजिनाचे सर्व आराखडे आहेत, तीही आधी मोजते आणि मग उघडते; मग आपल्या गल्लीतील गॅरेजने मोजमापावाचून निकाल का द्यावा?

उपायांचा क्रमही निदानासारखाच पायरीपायरीचा असावा. योग्य प्रतीचे तेल, स्वच्छ पीसीव्ही, बाहेरील पॅकिंग व सील, ही पहिली पायरी. व्हॉल्व्ह सील बदलणे ही दुसरी; त्यासाठी पुष्कळ इंजिनांत हेड उतरवावेही लागत नाही. प्लगच्या छिद्रातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरता येतात. जखडलेल्या रिंगा द्रावणात भिजवून मोकळ्या करण्याचा प्रयत्न ही तिसरी. ती कधी साधते, कधी साधत नाही. रिंगा बदलणे ही शेवटची. आणि तेव्हाही बोअरची झीज व गोलाई मोजून, आवश्यक तेथे होनिंग किंवा रिबोअर करूनच नव्या रिंगा बसवाव्यात, एरवी तो खर्च पाण्यात जातो. ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० चे जाड तेल घालून खप दाबून टाकण्याची प्रथा आहे. तिने आकडा काही काळ घटतो, परंतु सकाळी चालू करताना वरच्या भागांना तेल उशिरा पोहोचते आणि मूळ दोष तसाच वाढत राहतो.

जुनी मोटार घेणाऱ्यास हे सारे खरेदीच्या दिवशी कसे जमावे, असा प्रश्न रास्त आहे. आपल्या छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर न राहता दात पाहतो आणि जनावर चालवून पाहतो. तीच चिकित्सा येथे करावी. इंजिन पूर्ण थंड असताना आपल्यासमोर चालू करण्याचा आग्रह धरावा. सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून काजळी कोरडी आहे की ओशट, ते पाहावे. नुकतेच धुतलेले इंजिन दिसल्यास गळतीचा माग पुसला गेला आहे, हे ओळखावे. तेलबदलाच्या पावत्या मागाव्यात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून अखेरच्या वर्षांतील मोटार घेताना इंजिनाचा खर्च आणि उरलेली मुदत यांचा मेळ घालूनच किंमत ठरवावी.

आणि एक गोष्ट प्रत्येक चालकाने कायमची लक्षात ठेवावी: समोरच्या पट्टीवरील तांबडा तेलाचा दिवा पातळी कमी झाल्याची सूचना देत नाही, तो दाब कोसळल्यावर लागतो, आणि तोपर्यंत बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असू शकते. तो लागताच रस्त्याच्या कडेस थांबून इंजिन बंद करावे. घर जवळ आहे म्हणून पुढे जाऊ नये. तेल खाणारी मोटारही डिपस्टिक नियमाने पाहून, भर घालून काही काळ चालविता येते. तथापि जळणाऱ्या तेलातील फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो आणि धुराचा भार सर्व शेजाऱ्यांच्या श्वासावर पडतो, म्हणून ती सवय कायमची करू नये.

शेवटी माझे मागणे तिघांकडे आहे. मिस्त्री बांधवांनी गिऱ्हाइकास दाबाचे आकडे लिहून द्यावेत आणि काढलेले जुने भाग त्याच्या स्वाधीन करावेत. यामुळे त्यांच्या कारागिरीची प्रतिष्ठा वाढेल. मोटार विकणाऱ्याने तेलाचा खप ठाऊक असल्यास तो सांगून योग्य ती किंमत घ्यावी, कारण लपविलेला दोष दुसऱ्या कुटुंबाच्या माथी जातो. आणि मालकाने आजच एक वही मोटारीत ठेवावी. हजार किलोमीटरचा लेखी हिशेब हाती आल्यावाचून कोणाही गृहस्थाने आपल्या मोटारीचे इंजिन उघडू देऊ नये, एवढीच विनंती.