लक्ष्मी रस्ता पायी बघू या

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासदांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण सगळे पुण्यात राहतो, पण लक्ष्मी रस्त्यावर शेवटचं पायी कधी गेलो, हे जरा आठवून बघा. आता वस्तू दारात येते, वॉचमन फोन करतो, काम झालं! सोय आहे, मी नाकारत नाही. पण बाजार म्हणजे नुसती वस्तू नव्हे.

अलका चौकातून पूर्वेकडे निघावं. साड्या, सोनं, चष्मे, पुस्तकं, मधेच एखादं अत्तराचं दुकान. गणपती चौकाजवळून तुळशीबागेत वळलं की राममंदिर, आणि भोवती तांब्यापितळेची भांडी, देवाची उपकरणी, भातुकली, दोनचार रुपयांच्या पिना. पुढे मंडई. ही अष्टकोनी इमारत १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उभी राहिली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. आज तिला त्यांचंच नाव आहे!

बँकेत असताना छोट्या दुकानदाराला कर्ज देताना आम्ही पहिला प्रश्न विचारायचो: माल किती दिवसांत फिरतो? भाजी संध्याकाळपर्यंत, पिना आठवड्यात, शालू मात्र लग्नसराईपर्यंत कपाटात. शालूला आलेलं गिऱ्हाईक जाताना पिना घेतं, कोथिंबीर घेतं. एकाच्या गर्दीवर दुसऱ्याचं पोट. पिग्मीवाला रोज फिरायचा तो याच रोखीच्या भरवशावर. सगळी दुकानं एकाच मालाची झाली, तर ही साखळी तुटेल.

अडचण आपल्या वयाची आहे. फुटपाथवर एकीकडे पथारी, दुसरीकडे दुचाकी. गुडघे दुखणाऱ्यानं चालायचं कुठून? आपण म्हणतो, पथारीवाले हटवा. पण त्यांनाही २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे. जागा आखून द्यायची, हाही त्याच कायद्याचा भाग. आणि खरं सांगू? स्वस्त पिन घ्यायला आपण त्याच्याकडेच थांबतो. आधी दुचाकी हटवू या.

हे होऊ शकतं. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने 'पादचारी दिन' म्हणून या रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला होता. एक दिवस जमतं, तर आठवड्यातून एक संध्याकाळ का नाही?

माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, सोसायटीतर्फे तशी मागणी करणारं पत्र महापालिकेला द्यावं, सह्या मी गोळा करतो. दुसरी, महिन्यातून एका सकाळी आपण दहाबारा जणांनी मिळून हा रस्ता चालावा. नातवंडांना बरोबर घ्या. भाव करायला कोणतं ॲप शिकवत नाही! दमलं की बसायचं, चहा घ्यायचा. घाई कुणाला आहे?

नावं आजच माझ्याकडे द्या. पिशवी मात्र ज्याची त्याने आणायची.